चुकीचा विग्रह

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपले वाडवडील सांगून गेले. या यादींत त्यांनीं शब्दाचें नांव घातलें नाहीं, ही आम्हां भाषेच्या अध्यापकांवर त्यांची कृपाच म्हणावयाची. नाहींतर आमचा चरितार्थ कसा चालला असता, कोण जाणे! आज इतकीं वर्षें एका तालुक्याच्या गांवच्या महाविद्यालयांत इंग्रजी शब्दांचीं मुळें उकरून तीं तरुणांच्या पुढें मांडण्याचा उद्योग आम्ही करीत आलों आहों. मुळें उकरतांना झाडाला इजा होते, हें माळ्याला कोणी सांगावें लागत नाहीं. अध्यापकाला तें उशिरा कळतें. आम्हांला तें किती उशिरा कळलें, याची ही हकीकत आहे. तिचें निमित्त झाला विमानविद्येंतला एक लहानसा शब्द.

गोष्ट १९९८ सालची. आम्ही नुकतेच नोकरीवर कायम झालों होतों. वय अठ्ठावीस, म्हणजे ज्ञान थोडें आणि त्याचा डौल फार, असें. बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी भाषेचा इतिहास हा विषय आमच्याकडे होता, आणि त्या दिवशीं आम्ही ज्यांना इंग्रज पंडित 'पोर्टमँटो' म्हणतात त्या शब्दांविषयीं बोलत होतों. पोर्टमँटो म्हणजे दोन कप्प्यांची, पुस्तकासारखी उघडणारी प्रवासी पेटी. लुइस कॅरल या टोपण नांवानें लिहिणाऱ्या गणिताच्या अध्यापकानें १८७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास' या पुस्तकांत हम्प्टी डम्प्टीच्या तोंडून हा दृष्टान्त वदविला, आणि तेव्हांपासून दोन शब्द मोडून, त्यांचे तुकडे एकमेकांत बसवून केलेल्या शब्दाला तें नांव चिकटलें. स्मोक आणि फॉग मिळून स्मॉग. ब्रेकफास्ट आणि लंच मिळून ब्रंच. मोटर आणि हॉटेल मिळून मोटेल. हे आमचे ठरलेले दाखले होते, आणि ते ठरलेल्या क्रमानें देऊन झाल्यावर आम्हीं वर्गाला विचारलें, "आणखी एखादें उदाहरण कोणी देईल काय?"

असा प्रश्न अध्यापक विचारतो तेव्हां त्याला उत्तराची फारशी अपेक्षा नसते, हें वाचकांपैकीं जे कोणी अध्यापक असतील त्यांना ठाऊक आहे. पण मागच्या बाकावरून एक हात वर आला. तो मुलगा तीस किलोमीटरवरच्या एका खेड्यांतून पहिल्या एस. टी. नें येत असे. अंगावर धुवून धुवून विटलेला सदरा, आणि इंग्रजी उच्चारांना गांवाकडच्या मातीचा वास.

"हेलिपॅड, सर."

"त्याचे तुकडे कसे पाडशील?"

"हेली आणि पॅड. आमच्या शाळेच्या मैदानावर मंत्री यायचे होते, तेव्हां केलें होतें."

"हेली म्हणजे काय?"

"हेलिकॉप्टरमधलें हेली."

"बरें. मग मागें उरलेलें कॉप्टर म्हणजे काय?"

मुलगा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "उडणारें, सर."

वर्गांत कोणी हांसलें असेल. पण सर्वांत आधीं आम्ही हांसलों, हें येथें लिहून ठेवणें भाग आहे. मग आम्ही फळ्याकडे वळलों, मोठ्या अक्षरांत दोन ग्रीक शब्द लिहिले, आणि म्हणालों, "अहो महाराज, ग्रीकांच्या पक्ष्याचा पंख तुम्हीं नेमका मधोमध कापलात! आतां हा बिचारा उडावा कसा?" हंशा पिकला. तास रंगला. तो मुलगा खालीं बसला. दुपारीं चहाच्या वेळीं सहकाऱ्यांना हा किस्सा आम्हीं सांगितला, तो तेथेंहि रंगला. आणि पुढें कित्येक वर्षें, त्या प्रकरणाशीं आलें कीं, 'एका विद्यार्थ्यानें एकदां काय केलें' म्हणून तो प्रत्येक नव्या वर्गाला सांगण्याचा आमचा परिपाठच पडला. दाखल्यांच्या यादींत एक दाखला वाढला.

या विनोदाची ग्रीक बाजू बिनचूक होती, हें आधीं सांगितलें पाहिजे. हेलिकॉप्टर हा शब्द मुळांत फ्रान्समधला. गुस्ताव द पोंतों दामेकूर नांवाचे एक फ्रेंच सरदार होते. जुन्या नाण्यांचा संग्रह आणि अभ्यास हा त्यांचा नाद. या नाण्यांच्या शोधकानें १८६१ सालीं एका शब्दाचें नाणें पाडलें. ग्रीक भाषेंत 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्र, आणि समासांत त्याचें रूप होतें 'हेलिको'. 'प्तेरॉन' म्हणजे पंख. मळसूत्रासारखा फिरणारा पंख ज्याला आहे तें यंत्र हेलिको-प्तेर. फिरकीचा खिळा पिळीत पिळीत लांकडांत शिरतो, तसें हें यंत्र हवेंत वर शिरेल, अशी कल्पना. दामेकूर यांनीं अॅल्युमिनियम वापरून वाफेवर चालणारा त्याचा एक छोटा नमुनाहि करविला. तो कांहीं उडाला नाहीं. शब्द मात्र उडाला. पुढें अमेरिकेंत इगॉर सिकॉर्स्की यांचें व्हीएस-३०० हें यंत्र १४ सप्टेंबर १९३९ रोजीं, दोरांनीं जमिनीला बांधलेल्या स्थितींत, प्रथम उचललें गेलें, आणि १९४२ पासून हेलिकॉप्टरें कारखान्यांतून संख्येनें बाहेर पडूं लागलीं. मधल्या काळांत अनेकांनीं धडपड केली, कांहीं यंत्रें जमिनीपासून सुटलींहि. परंतु नित्याच्या कामाला येणारें यंत्र हातीं येईपर्यंत ऐंशी वर्षें होत आलीं होतीं. बारसें आधीं आणि बाळ मागाहून, असा हा प्रकार.

दामेकूर यांच्याच मंडळींतले एक गाब्रिएल द ला लांदेल. त्यांनीं १८६३ सालीं 'एव्हिएशन' या शब्दाचें फ्रेंच रूप रूढ केलें. लॅटिनमध्यें 'आविस' म्हणजे पक्षी. संस्कृतांत पक्ष्याला 'वि' म्हणतात, तो या आविसचा सख्खा भाऊ. आणि ग्रीकांच्या प्तेरॉनचा भाऊबंद तर आपल्या रोजच्या वापरांत आहे: तो म्हणजे 'पत्र'. पत् म्हणजे उडणें आणि पडणेंहि. आपल्या पूर्वजांनीं दोन्ही क्रियांना एकच धातु ठेवला, यावरून त्यांच्या अनुभवाची कल्पना यावी. त्या धातूपासून पत्र म्हणजे पंख, मग झाडाचें पान, मग पानावर लिहिलेला मजकूर. टपालानें येणारें पत्र आणि हेलिकॉप्टरच्या शेवटचा 'प्तेर' हे एकाच घराण्यांतले.

असा हा आमचा शब्दसंभार. तो बरोबरच होता. मग चूक कोठें होती?

मागील वर्षीं शब्दसिद्धीवरच्या एका व्याख्यानाची तयारी करतांना आम्ही इंग्रजी व्याकरणाचे ग्रंथ पुन्हां चाळीत होतों. एका ग्रंथांत संमिश्र शब्दांची यादी होती. स्मॉग होता, ब्रंच होता, मोटेल होतें. आणि त्यांच्याच पंक्तीला, यत्किंचितहि संकोच न करतां, 'हेलिपोर्ट' बसलें होतें. हेलिकॉप्टर अधिक एअरपोर्ट, बरोबर हेलिपोर्ट. त्या ओळीवर आमचें बोट थांबलें, तें बराच वेळ हाललें नाहीं.

कारण मग सारेंच उघड झालें. १९४० च्या दशकांत हीं यंत्रें जेव्हां सैनिकांच्या व वर्तमानपत्रांच्या तोंडीं आलीं, तेव्हां हें लांबलचक नांव तोडण्याची पाळी आली. तोडायचें कोठें? ग्रीक पंडित म्हणेल, हेलिको आणि प्तेर यांच्या सांध्यावर. पण इंग्रजांची जीभ 'प्त' या जोडाक्षरानें शब्दाचा आरंभ करूंच शकत नाहीं. 'टेरोडॅक्टिल' या नामशेष झालेल्या उडत्या प्राण्याच्या नांवांत तोच प्तेरॉन बसलेला आहे. इंग्रज त्यांतला प इमानानें लिहितो, पण उच्चारीत नाहीं. तेव्हां शब्द सांध्यावर मोडला नाहीं. जिभेला जेथें सोपें पडलें तेथें मोडला. पुढचा अर्धा 'हेलि', मागचा अर्धा 'कॉप्टर'. दोन्ही तुकड्यांना ग्रीक भाषेंत धड अर्थ नाहीं, आणि इंग्रजींत दोन्ही तुकडे त्या दिवसापासून जगूं लागले. हेलिला पोर्ट जोडलें, हेलिपोर्ट झालें. पॅड जोडलें, हेलिपॅड झालें. उरलेला कॉप्टर सुटा हिंडूं लागला, जायरोकॉप्टरला चिकटला, आणि आमच्या काळांत चार फिरक्यांच्या यंत्राला क्वाडकॉप्टर हें नांव मिळालें. हल्लीं लग्नाच्या मांडवावर घिरट्या घालून वऱ्हाडाचीं छायाचित्रें घेणारें तें यंत्र वाचकांनीं पाहिलेंच असेल. क्वाड म्हणजे चार. मग कॉप्टर म्हणजे काय? फिरत्या पात्यांवर उडणारें. दुसरा अर्थ त्या तुकड्याला देतांच येत नाहीं.

म्हणजे त्या मुलाचें उत्तर बरोबर होतें. आम्हीं संमिश्र शब्दाचें उदाहरण मागितलें, त्यानें दिलें. तुकडे विचारले, ते त्यानें इंग्रजी भाषेनें स्वतः जेथें पाडले तेथेंच पाडले. कॉप्टरचा अर्थ विचारला, तोहि त्यानें सांगितला. तीन प्रश्न, तीन उत्तरें. आणि तिन्ही उत्तरांवर आम्ही हांसलों. आम्हीं प्रश्न इंग्रजीचा विचारला होता आणि गुण ग्रीकचे दिले होते.

विमानविद्येंतल्या या आडदांड मोडतोडीची इतर उदाहरणें मग आम्हांला जागोजाग दिसूं लागलीं. एव्हिएशन आणि इलेक्ट्रॉनिक्स यांचा संकर होऊन १९४० च्या दशकाच्या अखेरीस 'एव्हिऑनिक्स' हा शब्द आला. विमानांतल्या विद्युत्कण-यंत्रणेला आज जगभर तेंच नांव आहे. आतां इलेक्ट्रॉन हा शब्द ग्रीकांच्या तृणमण्यावरून आलेला. घासला असतां काडी ओढून घेणारा तो मणि. अर्थाचा सारा जीव 'इलेक्ट्र' या भागांत. नव्या शब्दानें तो भाग टाकून दिला आणि 'ऑनिक्स' ही अर्थहीन शेपटी उचलली. तरीहि वैमानिकाचें कांहीं अडलें नाहीं. ट्रान्समिटर आणि रिस्पाँडर यांचा 'ट्रान्स्पाँडर' झाला, तोहि असाच दोन अर्ध्यांचा. आणि आकाशांतलें विमान तळावरच्या माणसाला आपली ओळख त्यावाचून देत नाहीं.

यावर आमच्यासारखा एखादा गृहस्थ म्हणेल, हे इंग्रजांचे धंदे. आमची देवभाषा असलें कांहीं करावयाची नाहीं. आम्हांलाहि तसें वाटत असे. पण 'विधवा' हा शब्द घ्या. लॅटिन 'विदुआ', इंग्रजी 'विडो' हीं त्याचीं भावंडें. तेथें 'वि' हा उपसर्ग नाहीं आणि 'धव' हा शब्दहि नाहीं. परंतु आपल्या कानाला 'वि' दिसला कीं उपसर्ग वाटतो. यास्काचार्यांनीं निरुक्तांत या शब्दाच्या ज्या व्युत्पत्ति दिल्या आहेत, त्यांत धव म्हणजे मनुष्य, त्याचा वियोग झालेली ती विधवा, अशीहि एक आहे. तेथून धव म्हणजे पति, आणि मग जिचा पति जिवंत आहे ती 'सधवा'. चुकीच्या विग्रहांतून निघालेल्या त्या शब्दानें हजारों वर्षें आपल्या घरांत हळदकुंकू लावून घेतलें. 'असुर' या शब्दाची तीच कथा. आरंभींचा अ हा नकार नव्हता. इराणी लोकांच्या 'अहुर' या देवनामाशीं त्याचें नातें आहे. लोकांनीं अ काढून टाकला, 'सुर' उरला, आणि तो देव झाला. पुढें या सुरांना अर्थ पाहिजे म्हणून ज्यांनीं सुरेचा स्वीकार केला ते सुर, अशी कथा रामायणाच्या बालकांडांत आली. इतकी उलाढाल ज्या भाषेंत झाली, तिचा अभिमान बाळगणाऱ्यानें हेली आणि कॉप्टर यांवर नाक मुरडणें शोभत नाहीं. 'बर्गर'च्या बाबतींत तर आपण सारेच गुन्हेगार आहों. तो शब्द हॅम्बुर्ग या शहराच्या नांवावरून आला. पण खाणाऱ्यांनीं त्यांतलें 'हॅम' हें डुकराचें मांस मानून बाजूस काढलें, आणि बर्गर सुटा झाला. आज आपल्याकडे बटाट्याचा बर्गर खाणाऱ्या सोवळ्या माणसाला हॅम्बुर्गची आठवण कोण देतो?

हा विचार मनांत घोळत असतांनाच, गेल्या हिवाळ्यांत, आम्हांला एक पत्र आलें. एका खेड्यांतल्या शाळेच्या वार्षिक स्नेहसंमेलनाला अध्यक्ष म्हणून येण्याचें निमंत्रण होतें. खालीं मुख्याध्यापकांची सही होती. तें नांव आम्हीं दोनदां वाचलें. सत्तावीस वर्षांत तें नांव आमच्या तोंडीं एकदांहि आलें नव्हतें. कारण किस्सा सांगतांना आम्ही त्याला नेहमीं 'एक विद्यार्थी' म्हणत असूं. पण हजेरीपटावरचीं नांवें अध्यापकाच्या डोक्यांत कोठेंतरी शिल्लक असतात. आम्हीं होकार कळविला. मन कचरत होतें, हें खरें.

शाळेच्या फाटकांतून आंत शिरलों तों मैदानाच्या मध्यावर तें होतेंच: चुन्याच्या फक्कीचें एक मोठें वर्तुळ, आणि आंत इंग्रजी एच हें अक्षर. बरेंच पुसट झालेलें. त्याच्या एका कडेला मुलें खो-खो खेळत होतीं. मुख्याध्यापक पुढें आले. सत्तेचाळिशीचे गृहस्थ, केस पिकूं लागलेले, पण उभें राहण्याची ढब तीच. त्यांनीं वांकून नमस्कार केला. 'अरे, ये' म्हणावें कीं 'अहो, या' म्हणावें, याचा आम्हांला निर्णय होईना. शेवटीं आम्ही 'अहो' म्हणालों, आणि तेंच योग्य होतें असें पुढें दिसून आलें.

कार्यक्रमाला अवकाश होता म्हणून त्यांनीं आम्हांला सातवीच्या वर्गांत नेलें. फळ्यावर आकाशांतल्या ग्रहांचें चित्र होतें. त्यांनीं मुलांना विचारलें, मंगळावर हेलिकॉप्टर उडालें तें केव्हां? उत्तर १९ एप्रिल २०२१ असें मुलांनीं धडाधड सांगितलें. अमेरिकेच्या 'इन्जेन्युइटी' या चिमुकल्या यंत्रानें त्या दिवशीं मंगळाच्या विरळ हवेंत तीन मीटर उंची गांठली होती आणि तें एकोणचाळीस सेकंद अधांतरीं राहिलें होतें. राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या पंखाचें कापड, टपालाच्या तिकिटाएवढें, त्याच्या बरोबर पाठविलें होतें, हेंहि मुलांना ठाऊक होतें. मग त्यांनीं विचारलें, तें कापड कशासाठीं पाठविलें असेल? एक मुलगी उठली आणि म्हणाली, "यंत्राला थंडी वाजूं नये म्हणून."

आमच्या ओठांवर हंसूं आलें. अगदीं तेंच जुनें हंसूं. आम्हीं तें ओळखलें. मुख्याध्यापक मात्र हांसले नाहींत. ते म्हणाले, "तुला असें कां वाटलें?" आणि ते थांबले. ती मुलगी विचार करीपर्यंत ते नुसते उभे राहिले. वर्गहि थांबला. मग ती म्हणाली, "तेथें फार थंडी असते असें तुम्हींच सांगितलें होतें, सर. आणि आजी बाळाला जुन्या लुगड्याची दुपटी करते." ते म्हणाले, "थंडीचें बरोबर आहे. त्या यंत्राला रात्रीं ऊब द्यावी लागत असे, तें काम आंतल्या विजेनें होई. पण जुन्या लुगड्याची दुपटी कां करतात, हें घरीं विचारून ये. मग त्या कापडाचें आपण पुन्हां बोलूं." सत्तावीस वर्षांत आम्हीं वर्गांत इतका वेळ कधीं थांबलों होतों काय, हें आम्ही आठवूं लागलों. आठवेना.

चहाच्या वेळीं आम्ही दोघेच होतों. आम्हीं त्यांना सारें सांगितलें: हेलिपोर्टचें उदाहरण ग्रंथांत कसें सांपडलें, तुकडे कसे पडले, प्त हें जोडाक्षर इंग्रजांना कसें पेललें नाहीं. सांगतां सांगतां आमचें व्याख्यान होऊं लागलें आहे हें ध्यानीं आलें, म्हणून आम्ही मध्येंच थांबलों आणि एवढेंच म्हणालों, "तुमचें उत्तर बरोबर होतें. हांसणें चुकीचें होतें."

ते कांहीं वेळ कपाकडे पाहात राहिले. मग म्हणाले, "पुढें वर्ष संपेपर्यंत मुलें मला कॉप्टर म्हणत होतीं, सर. त्याचें कांहीं नाहीं. कोणत्या मुलाला नांव पडत नाहीं? पण त्या दिवशीं मला आणखी एक विचारायचें होतें. तें राहून गेलें. मग पुन्हां हात वर करवेना."

"काय विचारायचें होतें?"

"आमच्या गांवचीं म्हातारीं माणसें विमानाला 'इमान' म्हणतात. माझी आजी म्हणत असे. मला वाटे, तो त्यांचा अडाणीपणा. पण हेलिपॅडला जसा नियम आहे, तसा यालाहि कांहीं नियम असेल काय, असें विचारावें असें मनांत होतें."

नियम आहे. तो आम्हांला तेव्हांहि ठाऊक होता. आपल्या खेड्यांतल्या बोलींत शब्दारंभींचा व हा इ च्या आधीं गळून पडतो: विठ्ठलाचा इठ्ठल होतो, विस्तवाचा इस्तव होतो, आणि त्याच वाटेनें विमानाचें इमान होतें. म्हातारीचें बोलणें इतकें नियमबद्ध होतें, कीं त्यावर एक चांगला तास घेतां आला असता. तें उत्तर दोन वाक्यांचें होतें. तें द्यावयास सत्तावीस वर्षें लागलीं. उत्तर ऐकून ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "आजी असती तर तिला सांगितलें असतें."

ती वारली होती. कधीं, हें विचारण्याचें धैर्य आम्हांला झालें नाहीं.

अध्यक्षीय भाषणांत आम्ही काय बोललों, तें सांगण्याजोगें नाहीं. बक्षिसें वांटलीं, फुलें घेतलीं. निघतांना पाहतों, तों चार मुलें बादलींत फक्की घेऊन मैदानावरचें तें पुसट अक्षर पुन्हां गिरवीत होतीं. सोमवारीं कोणी पाहुणे यावयाचे होते. त्यांतला एक लहानगा, हातपाय पांढरे करून घेतलेला, आम्हांला पाहून मोठ्या उत्साहानें म्हणाला, "सर, लांब उभे राहा हां. इथें हेली उतरणार आहे!"

आम्ही वर्तुळाच्या बाहेर झालों. हेली म्हणजे काय, हें आम्हीं त्याला विचारलें नाहीं. परत आल्यावर आम्हीं दाखल्यांच्या वहींतला तो जुना किस्सा खोडला, आणि त्या जागीं एका ओळींत हेलिपॅड हा शब्द लिहून, पुढें तुकडे घातले: हेली, पॅड.